ह्यांच्या सायकलवरून रोह्याला

सकाळी साडेसहाला मी पेणहून निघाले, तेव्हा हे, म्हणजे माझे यजमान, दारात खुर्चीवर बसले होते. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून उजवा हात-पाय साथ देत नाही. त्याआधी दर रविवारी ते सायकलने रोह्याला जात, कुंडलिकेच्या काठी चहा घेत आणि जेवायला घरी येत. मी एकदाही सोबत गेले नव्हते.

"माझीच घेऊन जा," ते म्हणाले. "आणि सगळं बघून ये."

सायकल मला उंच. सीट अगदी तळाला नेली तरी थांबताना जेमतेम बोटं टेकायची. वडखळच्या नाक्यावर ट्रकला वाट द्यायला थांबले आणि तोल जाऊन उभ्याउभ्या आडवी झाले. कोपर सोललं. पुढे उजव्या हाताला खाडीपर्यंत खारी जमीन पसरलेली, कोवळ्या उन्हात बगळे उभे. पण माझं लक्ष मनगटांत. हँडल इतकं लांब की अंगाचा सगळा भार तळव्यांवर यायचा. कासू येईतो दोन्ही करंगळ्या बधिर झाल्या होत्या.

कासूला रस्त्याकडेला पंक्चरचं दुकान दिसलं. दुकान चालवणारी बाई माझ्याच वयाची, नाव सुमन. तिने मला उतरताना पाहिलं.

"कोनाची गो ही सायकल?"

"आमच्या ह्यांची."

"तरीच. तुला मोठी हाय ही."

"मऊ सीट बसवली तर?"

"मऊ सीटनं काय होनार? बसल्यावर कोपर जरा वाकलं पायजे. तू तर हँडलला लोंबकळतेस."

तिने पाना घेऊन सीट पुढे सरकवली, हँडल थोडं वर घेतलं. मग स्वतःची बुटकी, सरळ हँडलची सायकल पुढे केली. "ही घे, एक चक्कर मारून ये."

मी शेतातल्या रस्त्याने गेले. पाठ सरळ, हात सैल, पाय सहज टेकत होते. कापलेल्या भाताच्या शेतांत वाल फुलला होता, ते आता दिसलं. त्याचा वासही आला. हेच बघायला हे दर रविवारी येत असतील, असं वाटलं.

परतल्यावर सुमनने तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेला जवळा) पुढे ठेवली. "ती इकून टाक आनि लहान घे," ती म्हणाली. मी ह्यांच्या सायकलच्या हँडलवरून हात फिरवला. तिने माझ्याकडे पाहिलं. "ते चालवत नाय का आता?"

मी मान हलवली. तिने आणखी एक भाकरी वाढली.

नागोठणे मागे टाकून रोह्याला पोचायला अकरा वाजले. हात कमी दुखत होते, पण दुखत होते. कुंडलिकेच्या काठावरून ह्यांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन नदीकडे धरला.

"अजून जरा डावीकडे धर," ते म्हणाले. मी धरला. चहा एकटीनेच घेतला.

परत येताना टेम्पो केला. घरी आल्यावर मी विचारलं, "मला मोठी पडते, हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"होतं."

"मग?"

"तुझ्या मापाची आणली असती, तर ही कशाला ठेवायची, असं कुणीतरी म्हणालं असतं."

थोड्या वेळाने त्यांनी शिवणाच्या डब्यातली टेप मागवली. मला भिंतीला टेकून उभं केलं आणि खुर्चीत बसूनच डाव्या हाताने माझ्या पायाचं माप घेतलं. टेप दोनदा निसटली. मी मदत केली नाही.

"लहान फ्रेम. सरळ हँडल," ते म्हणाले. "वडखळला पडणार नाहीस."

"आणि ही?"

त्यांनी सायकलकडे पाहिलं. "राहू दे. अधूनमधून चाकांत हवा भरत जा."

आता माझी सायकल आली आहे. तिच्यावर तळवे दुखत नाहीत, पाठ दुखत नाही. रोह्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजू नीट बघता येतात, आणि प्रत्येक वळणावर वाटतं, हे जरा पुढे असते तर बरं होतं. घरी पोचले की आधी दोन्ही सायकलींचे टायर दाबून बघते. हे खुर्चीतून विचारतात, "कडक आहेत ना?"

"आहेत," मी सांगते.