टप, काटा आणि पुढची सीट

आमच्या उघड्या गाडीचा कापडी टप बंद करायला दोन माणसं लागतात. एकाने डावीकडून ओढायचा, दुसऱ्याने उजवीकडून, आणि काचेवरच्या पट्टीत दोन्ही हूक एकदमच बसवायचे. एक बसवून दुसरा बसवायला गेलात की पहिला सुटतो. बायकोला मातीत ठेवून आलो त्यानंतरच्या रविवारी हे मला कळलं. डावा हूक बसवला, बॉनेटला वळसा घालून उजवीकडे आलो, डावा सुटला. परत गेलो. परत आलो. शेवटी नात घरातून बाहेर आली.

"आजोबा, सहा फेऱ्या झाल्या. मी मोजल्या."

"मग सातवीला तरी हात लाव."

तिने लावला. टप बसला. मी आत जाऊन बसलो आणि लगेच उठलो. तेव्हापासून माझं हेच चाललं आहे. बसलं की उठावंसं वाटतं, उठलं की कुठे जायचं ते कळत नाही. मग गाडीकडे जातो.

टप दोन बोटं आखूड आहे. चूक बायकोचीच. तिने तो घरच्या शिवणयंत्रावर शिवला, पाच सुया मोडल्या. कापड आधी भिजवून मग कापायचं, हे गावभरच्या पोरींचे फ्रॉक शिवणाऱ्या बाईला मी सांगायला नको होतं. पण जाडं कॅनव्हास आटत नाही असं तिच्या डोक्यात कुठून तरी बसलेलं. शिवला, एकदा धुतला, आटला. मी म्हणालो, दुसरा शीव. ती म्हणाली, "दोघं ओढू ना. हात काय भाड्याने आनलेत?"

तीस वर्षं दोघांनी ओढला.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. पुढची सगळी शाळा माणिकपूरच्या एका गॅरेजात, गाड्यांच्या खाली. ही गाडी मला मुंबईतल्या एका बंद बंगल्याच्या आवारात मिळाली. इंग्लंडची, जुन्या काळातली, कंपनीतूनच उघड्या टपाची आलेली. आत कोंबड्या होत्या. मालक म्हणाला, कोंबड्या इथेच ठेव, गाडी ने. पुढची सीट आडवी, अखंड, एका बाकासारखी. गेअर हाताचा, स्टेअरिंगला लागून, म्हणून सीटच्या मध्ये काही नाही. ती सीट बघून बायको म्हणाली, ही बरी आहे, भांडलं तरी लांब बसता येतं आनि मिटलं की सरकता येतं.

आमच्याकडे लग्न लागलं की नवरानवरी चर्चमधून उघड्या गाडीतून निघतात. पुढे बँड, मागे वरात. चर्चपासून मंडप एक किलोमीटरही नसतो, पण दीड तास लागतो, कारण प्रत्येक नातेवाइकाच्या फाटकासमोर बँड थांबतो आणि नाच होतो. आसपासच्या गावांत उघडी गाडी माझी एकच. त्यामुळे होळी बाजारापासून समुद्रापर्यंत अर्ध्या लोकांची वरात मी काढली आहे. त्यांतले काही आता एकमेकांशी बोलत नाहीत, तो माझा दोष नाही.

आता गाडीचा स्वभाव सांगतो. इंजिन थंड ठेवणारा कंपनीचा पंखा बेल्टवर चालतो. इंजिन जोरात फिरलं तर पंखा जोरात फिरतो. वरातीत इंजिन रांगतं, मग पंखाही रांगतो. वारा नाही, वरून ऊन. पाणी उकळणारच. उष्णतेचा काटा गाडी आमच्याकडे आली तेव्हाच मेलेला होता. मी तो कधी बदलला नाही, कारण बायको होती.

ती प्रत्येक वरातीला माझ्या डाव्या बाजूला बसायची. चपला काढायची आणि पाय सरळ करून तळवा पुढच्या पत्र्याला लावायची. त्या पत्र्याच्या पलीकडे इंजिन. पत्रा किती तापला यावरून तिला कळायचं. कळलं की एकच शब्द, "तापली." मी इंजिन बंद करायचो. मग ती सीटवर गुडघा टेकून मागे वळायची आणि वरातीतल्या पुरुषांना ओरडायची, "खाल्लंय ना सकाळी? ढकला." कोट घातलेले, टाय लावलेले, सगळे ढकलायचे. लोकांना वाटायचं ही आमच्या गाडीची रीतच आहे. एका नवऱ्याच्या काकाने मला विचारलं होतं, ढकलायचे वेगळे द्यायचे का.

ती गेल्यावर चार महिन्यांनी मी होळी बाजाराजवळचं एक लग्न घेतलं. घ्यायला नको होतं, पण घरात बसून भिंती मोजायचा कंटाळा आला होता. तिसऱ्या फाटकासमोर बॉनेटमधून वाफ आली. वाऱ्याने ती मागे गेली आणि नवरीच्या तोंडावरच्या जाळीत घुसली. बिचारी खोकत खाली उतरली आणि उरलेली वरात पायी चालली. मला काही कळलंच नव्हतं. माझ्या पायात बूट होते, आणि माझी बाजू ड्रायव्हरची, तिथे पत्रा तेवढा तापत नाही. गर्दीतून एक जण म्हणाला, "म्हातारा आनि गाडी, दोघांना घरी न्या आता."

मी बॉनेट उघडायला उतरलो. बरोबर बोलला होता तो.

घरी आलो आणि दुसऱ्या दिवसापासून इंजिन खोललं. रेडिएटर काढला, पाणी मारून साफ केला. पंप उघडला. हेड उतरवलं, गॅस्केट बघितलं. दोन आठवडे. कुठेही दोष नाही. इंजिन होतं तसंच होतं. फक्त बाजूला "तापली" म्हणणारं माणूस नव्हतं. हे मला पहिल्या दिवशीही माहीत होतं. पण हातांना काहीतरी काम हवं होतं.

त्यात नातीचं लग्न ठरलं, नाताळ झाल्यावरचं. ती म्हणाली, "मी आपल्याच गाडीतून जाणार. आजी म्हणाली होती."

माझा मुलगा, तिचा बाप, ऑफिसात काम करणारा. त्याला गाड्यांतलं कळत नाही, पण मोबाइलवर बघून बोलतो. म्हणाला, "पप्पा, तिच्या चेहऱ्यावर वाफ गेलेली मला चालणार नाही. एक तर दुसरी गाडी आणतो, नाहीतर ह्यात नवीन इंजिन टाका. लोक टाकतात. पॉवर स्टेअरिंग, चांगले ब्रेक, सगळं बसतं."

"बसतं. कोंबड्या पन बसल्या होत्या."

"चेष्टा नको. एक तर हे, नाहीतर ते."

मी माझ्या जुन्या डेंटरला बोलावलं. त्याच गॅरेजात माझ्याबरोबर चाळीस वर्षं पत्रा ठोकला त्याने. एका कानाने ऐकू येत नाही, ठोकून ठोकून. त्याने गाडीभोवती चक्कर मारली, दारं उघडून मिटली आणि बॉनेटवर चहा ठेवला.

"डिझेल टाकायचं?" त्याने विचारलं.

"पोरगा म्हनतो."

"पोरगा म्हनेल. उघडी गाडी आहे ही. छप्पर नाही, म्हनजे वरून बांधनारं काही नाही. सगळा भार खालच्या चौकटीवर. वर डिझेलची थरथर आली की सहा महिन्यांत दारं मिटायची नाहीत. खाली लोखंडी चॅनल मारावे लागतील. चॅनल मारले की गाडी जड. जड झाली की हे ब्रेक पुरनार नाहीत. ब्रेक बदलले की चाकं बदल. मग तुझी कुठली राहिली? नंबरप्लेट?"

"पेट्रोलचं छोटं इंजिन टाकलं तर?"

"टाक. त्याचा गेअर खालून येतो, जमिनीतून." त्याने पुढच्या सीटवर हात ठेवला, बरोबर मधोमध. "हितून. सीट कापावी लागेल. हिकडे एक खुर्ची, तिकडे एक खुर्ची."

मी बघत राहिलो. डाव्या बाजूला सीटला खड्डा पडलेला आहे. मधल्या भागातही थोडा आहे, भांडण मिटल्यावर ती सरकायची तिथला. डेंटरने हात काढून घेतला. त्याला ऐकू कमी येतं, दिसतं बरोबर.

पुढचे आठ दिवस मी कुठेच धड थांबलो नाही. सायकल काढून कळंबला गेलो, समुद्र बघितला, पाच मिनिटांत परत फिरलो. भंगारवाल्यांकडे गेलो. एकाच्या दुकानात दोनदा गेलो, त्याने विचारलं, काका, नक्की काय पाहिजे? मला सांगता येईना. इंजिन बदललं तर नात सुखाने मंडपात पोचते आणि सीट जाते. नाही बदललं तर सीट राहते आणि पोरीची वरात वाफेत जाते. मेलेल्या बाईच्या सीटसाठी जिवंत पोरीचं तोंड भाजायचं का? बायकोनेच मला मूर्ख म्हटलं असतं. आणि सीट कापली असती तर तिने मला काय म्हटलं असतं, तेही मला माहीत होतं.

शेवटी मधला रस्ता काढला. रेडिएटरच्या पुढे विजेवरचा पंखा बसवायचा. तो इंजिनाच्या भरवशावर नाही, गाडी उभी असली तरी जोरात फिरतो. पण आमच्या गाडीचा डायनॅमो म्हातारा, इंजिन रांगत असताना वीज देत नाही. पंखा लावला तर वरातीच्या मध्यात बॅटरी बसेल. म्हणून डायनॅमो काढून अल्टरनेटर, तो इंजिन रांगतानाही वीज देतो. अल्टरनेटरला कंपनीची पकड जमत नाही, म्हणून ती कापली. करवत लावण्याआधी तीनदा मोजलं. कंपनीचं कापलं की परत येत नाही. आणि नवीन काटा लावला, चालणारा.

मुलाला दाखवलं. आवारात गाडी उभी करून इंजिन पाऊण तास चालू ठेवलं, भर दुपारी. काटा मधोमध, हललाच नाही. मुलगा घड्याळ बघत उभा राहिला आणि शेवटी म्हणाला, "ठीक आहे."

डेंटर म्हणाला, "आता टपाला दोन बोटांची पट्टी लाव. एकट्याला बसवता येईल." मी कापड आणलं. कपाटात ठेवलं.

लग्नाच्या दिवशी नात मागे बसली, नवरा बाजूला. पुढे माझ्या डावीकडे कोणीतरी फुलांची टोपली ठेवली. मी ती उचलून मागे दिली. मुलाने विचारलं, "मी बसू का पुढे?" मी म्हणालो, "चाल तू. चालायला पाय आहेत."

बँड सुरू झाला. पहिलं फाटक, दुसरं, तिसरं. उन्हात बॉनेट चकाकत होतं. पंखा घुं घुं करत होता. काटा मधोमध. चौथ्या फाटकाशी नाच फार लांबला, माझ्या भावजयीच्या माहेरचे लोक, ते थांबत नाहीत. काटा मधोमध. मी काट्याकडे बघत होतो आणि कान डावीकडे होता. पाचवं फाटक. कोणी काही बोलेना. बोलायचं कारणच नव्हतं. मीच ते कारण काढून टाकलं होतं, माझ्या हाताने, करवतीने.

सहाव्या फाटकाशी मी इंजिन बंद केलं.

बँडवाले वळून बघायला लागले. नात पुढे वाकली. "काय झालं, आजोबा?"

"तापली."

"काटा तर मध्येच आहे."

"तापली म्हटलं ना."

ती मागे टेकली. मग तिने तिच्या नवऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. मुलगा गर्दीतून धावत आला, तोंड पांढरं पडलेलं. त्याने काटा बघितला, बॉनेटला हात लावला, माझ्याकडे बघितलं. बॉनेट गार नव्हतं, पण तापलेलंही नव्हतं. मला वाटलं आता सगळ्यांसमोर बोलणार. त्याने कोट काढला, पुढच्या सीटवर डावीकडे टाकला आणि मागे गेला.

मी मान वळवून ओरडलो, "खाल्लंय ना सकाळी? ढकला."

ढकलली. मंडपापर्यंत. मी फक्त स्टेअरिंग धरलं होतं.

संध्याकाळी नात सासरी गेली. गाडी आवारात आणली तर टप उघडाच होता आणि थंडीचं दव पडायला लागलं होतं. मी डावा हूक धरला. मुलगा शर्टाच्या बाह्या वर करून उजवीकडे आला. त्याने आधीच ओढला, माझा सुटला.

"आधी नाही," मी म्हणालो. "एकदम."

दुसऱ्यांदा त्याचा उशिरा आला. तिसऱ्यांदा हूक पट्टीपर्यंत पोचला आणि निसटला. त्याचं बोट चिमटलं. तो हात झटकत म्हणाला, "पप्पा, ती पट्टी लावून टाका ना. कापड आणलंय तुम्ही, मी बघितलं कपाटात."

"लावू," मी म्हणालो. "आधी ओढ."