नातीला दोन गुण

आमच्या कॉलनीतले काटेवाले आजोबा दुकानात शिरले की दुकानदार आधी पारडं पुसून घेतो. आजोबांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण एकतीस वर्षं वजनमापं तपासायच्या खात्यात काढलेला माणूस. त्यांची नजर पहिल्यांदा रिकाम्या काट्यावर जाते. काटा शून्यावर असेल तरच ते बटाटे निवडायला घेतात. नोकरीत असताना ते कधी ओळख सांगून दुकानात गेले नाहीत. समोर चहा घेत बसायचे, दुकानदार बेसावध असताना कसा तोलतो ते बघायचे आणि मग सावकाश उठायचे.

अशा माणसाला आम्ही मुलांच्या फुटबॉलचे संघ पाडायला बसवलं. न्याय हवा म्हणून बैठकीत ओरडणं वेगळं आणि तो स्वतःच्या पदरात पडणं वेगळं, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

दरवर्षी शाळेला सुट्टी लागली की आमच्या मैदानावर दहा ते बारा वर्षांच्या मुलामुलींचे चार संघ आठ आठवडे खेळतात. खेळ केवळ आनंदासाठी आहे, असं कुंपणावरच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय. तीन वर्षांपूर्वी बांधकाम ठेकेदाराने सगळी धिप्पाड मुलं आपल्या संघात ओढली आणि समोरच्यांवर चौदा गोल चढवले. हरलेली मुलं पुढच्या रविवारी फिरकलीच नाहीत. तेव्हा आजोबांनी पद्धत घालून दिली. चाचणीच्या दिवशी प्रत्येकाला एक ते पाच गुण द्यायचे आणि चारही संघांची बेरीज सारखी ठेवायची. कोचचं मूल कोचच्याच संघात, आणि त्या मुलाला आपल्या आवडीचा एक सोबती घ्यायची मुभा. बारा वर्षांच्या ज्या मुलांना पाच गुण, त्यांची नावं शहराच्या संघाच्या निवडीला जायची.

पहिलं वर्ष सरळ गेलं. दुसऱ्या वर्षापर्यंत आम्हा चार कोच मंडळींच्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्या पोराला गुण कमी मिळाले तर तेवढ्या बेरजेत आणखी एक चांगला खेळाडू बसतो. झालं, यंदा चाचणीच्या दिवशी मैदानाची रंगभूमी झाली. दातांच्या डॉक्टरांची मुलगी आदल्या संध्याकाळी तीन गोल करून घरी गेली होती, ती लंगडत आली. आधी डाव्या पायाने लंगडली, मग उजव्या. मी माझ्या मुलाला पार्किंगमध्ये तीन दिवस चेंडू चुकवायचा सराव दिला. नीट खेळायला शिकवण्यासाठी मी त्याला इतका वेळ कधी दिला नव्हता.

आजोबांनी चाचणीत वही उघडलीच नाही. मग पाणी प्यायची सुट्टी झाली. आईबाप सावलीत गेले, आणि मुलांनी एका रिकाम्या बाटलीचा चेंडू करून खेळायला सुरुवात केली. लंगडी पोरगी वाऱ्यासारखी सुटली. माझ्या चिरंजीवांनी तिघांना हूल देऊन बाटली दोन चपलांच्या मधून मारली. आजोबांनी खिशातून पेन्सिल काढली आणि दहा मिनिटांत सगळ्यांचे गुण लिहून टाकले.

असं सगळ्यांना अचूक तोलणाऱ्या आजोबांच्या वहीत एकच वजन खोटं होतं. ते होतं त्यांच्या नातीचं.

मुलगा-सून दिवसभर कामावर, त्यामुळे ही पोर आजोबांच्याच हाताखाली वाढलेली. कॉलनीत तिच्या तोडीचं कुणी नाही. चेंडू तिच्या पायाला सोडायला तयार नसतो. पण आजोबांनी तिला आधीची दोन्ही वर्षं आणि यंदाही दोनच गुण दिले. कुणी पक्षपाताचं बोट दाखवू नये म्हणून घरच्या माणसाच्या बाबतीत त्यांनी हात आखडता घेतला. ती ज्या संघात जायची तो संघ कप न्यायचा, आणि तिने गोल केला की आजोबा हात पाठीमागे बांधून आभाळाकडे बघायचे.

हे आम्हाला कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. गेल्या वर्षी माझ्या मुलाने सोबती म्हणून तिचंच नाव लिहिलं. तिच्याशी तो जन्मात दोन वाक्यं बोलला नव्हता. मीच लिहायला लावलं. कप मिळाल्यावर मी माझ्या शिस्तबद्ध प्रशिक्षणावर वीस मिनिटं भाषणही ठोकलं. यंदा दातांच्या डॉक्टरांच्या मुलीला एकाएकी तिच्याबद्दल जिव्हाळा वाटू लागला होता. पोर आता बारा वर्षांची. शहराच्या निवडीसाठी तिचं हे शेवटचं वर्ष, आणि दोन गुणांवर तिचं नाव कुठेच जाणार नव्हतं.

यादी लागायच्या आदल्या दिवशी मी आजोबांच्या घरी गेलो. माझ्या मुलाचे चार गुण तीनवर आणावेत, एवढीच माझी माफक न्याय्य मागणी होती. आजोबांनी जेवणाच्या टेबलावर नावांच्या चिठ्ठ्यांचे चार रांगांत संघ लावले होते. नात खाली वर्तमानपत्र पसरून बूट घासत बसली होती. माझी मागणी ऐकून आजोबांनी बाटली आणि दोन चपलांची आठवण करून दिली. तेवढ्यात नात बुटावरची नजर न काढता बोलली.

"आजोबा, गिऱ्हाइकाला कमी तोललं तर तुम्ही दुकानदाराला दंड करायचात ना?"

"करायचो."

"आणि त्याने घरच्यांना कमी तोललं तर?"

आजोबांचा हात चिठ्ठ्यांवरच थांबला. तुला पाच दिले तर लोक नावं ठेवतील, असं काहीसं ते पुटपुटले. दोन दिल्यावर लोक काय म्हणतात, तिने विचारलं. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. लोक काहीच म्हणत नव्हते, लोकांची चंगळ होती. मी पंख्याकडे बघू लागलो.

"मला वाटायचं, मी दोनच गुणांची आहे," ती म्हणाली. "कारण तुमचा काटा चुकत नाही."

आजोबांनी तिची चिठ्ठी उचलून दोनावर काट मारली, पाच लिहिले, आणि चारही रांगा मोडून पुन्हा पहिल्यापासून मांडायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी यादी लागली आणि दातांचे डॉक्टर खवळले. नातीच्या पाच गुणांनी त्यांच्या संघाची बेरीज तीनने फुगली होती आणि ती सारखी करताना एक हुकमी खेळाडू हातचा गेला होता. नातीला पाच देणं हा उघड पक्षपात आहे, असं त्यांनी सगळ्या पालकांसमोर सुनावलं. ठेकेदाराने मान डोलावली. आजोबांनी वाद घातला नाही. ते माझ्याकडे वळले.

"गेल्या वर्षी ती तुमच्याकडे होती. तुम्ही किती द्याल?"

माझ्या घरी टीव्हीशेजारी तो कप उभा आहे. बायको त्यावरची धूळ रोज पुसते. नात माझ्याकडे बघत होती, आणि तिच्यामागे माझा मुलगाही.

"पाच," मी म्हणालो. "तो कप तिनेच जिंकला. दोन गुणांत पाचाची पोर मिळते म्हणून मी मुलाला तिचं नाव लिहायला लावलं होतं."

मग गेल्या वर्षी का बोलला नाहीत, असं डॉक्टरांनी विचारलं. तुम्ही यंदा का बोलला नाहीत, असं मी विचारलं. त्यावर त्यांना एका पेशंटची आठवण झाली.

आजोबांनी वही आणि पेन्सिल शाळेतल्या खेळाच्या बाईंच्या हातात दिली. काट्यात चूक सापडली की तो वापरातून काढायचा, असा त्यांच्या खात्याचा नियम होता. बाईंनी नकार दिला, आम्हीही विनवण्या केल्या, पण ते बधले नाहीत. निवडीसाठी नातीचं नाव मात्र त्यांनी जाण्याआधी स्वतःच्या हाताने लिहिलं.

रविवारी ते नुसते बघायला आले. आठव्या मिनिटाला नातीने गोल केला. आजोबांनी पाठीमागचे हात सोडले आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. चेंडू मधोमध आला, शिट्टी झाली, खेळ पुन्हा सुरू झाला, तरी त्यांच्या टाळ्या चालूच. नात चेंडूकडे बघायचं सोडून त्यांच्याकडे बघत उभी राहिली, आणि समोरच्यांनी तेवढ्यात गोल करून टाकला.

इतक्या टाळ्या म्हणजे जरा जास्तच झालं, असं दातांचे डॉक्टर माझ्या कानाशी म्हणाले. मला त्या कमीच वाटल्या.