बेदाण्याचं शेड मी सरळ केलं

वळवाच्या वाऱ्यानं कललेलं आमचं बेदाण्याचं शेड मी एकटीनं, बसल्या जागी, लॅपटॉपवर सरळ केलं. तेही पंचनाम्याच्या फोटोत. नातवंडं हा किस्सा पुन्हा पुन्हा सांगायला लावतात, आणि तेव्हाच्या त्या पंचावन्न वर्षांच्या शहाणीची थट्टा करायला मलाही आवडतं.

त्या शहाणीला नवंच खूळ लागलं होतं. कराडच्या घाटावर तिनं देवळाचा फोटो काढला, तर शिखर मागं रेललेलं, जेवून सुस्तावल्यासारखं. पुण्याच्या लेकीनं जुन्या लॅपटॉपवर फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर घालून दिलं आणि फोनवर शिकवलं, "आई, मोबाइल वर करून फोटो काढला की उभ्या रेषा कलतात. दोष देवळाचा नाही, कॅमेऱ्याचा. भिंतीच्या कडेवर रेघ ओढ आणि ती उभी कर." झालं! दारं, कपाटं, पाण्याची टाकी, जे दिसेल ते बाई ओळंब्यात आणायला लागली.

तशात वळीव आला आणि शेड पार एका अंगाला गेलं. आत रॅकवर माल होता, म्हणून दुसऱ्याच दिवशी ट्रॅक्टरला दोर लावून शेड ओढून उभं करणं भाग होतं. तलाठीबाई त्यानंतर येणार. आमचे हे म्हणाले, "चारी बाजूंनी फोटो काढ गं. भरपाई मिळंल न्हाईतर न्हाई, ती या फोटोंवरच हाय."

फोटो लॅपटॉपवर घेतले आणि माझं डोकं गरगरायला लागलं. खांब कललेले खरे, पण वाऱ्यानं किती आणि कॅमेऱ्यानं किती? मोबाइल तर मीही वर करूनच धरला होता. मग लेकीचं बोलणं आठवलं. कडेच्या खांबावर रेघ ओढली, उभी केली. शेड ताठ! मागचा लाइटीचा खांब मात्र दुसरीकडंच झुकला. मान वाकडी करून बघितलं, लॅपटॉप वाकडा धरून बघितला. काही केल्या उमजेना. शेवटी म्हटलं, असेल आधीपासून तसाच. लाइटीच्या खांबाचा काय भरवसा? फोन भरला होता म्हणून मूळ फोटो पुसले आणि तासगावात जाऊन रंगीत प्रिंटा काढून आणल्या.

तलाठीबाई आल्या. समोर शेड सरळ, कारण ट्रॅक्टरनं ओढलेलं. फोटोत शेड सरळ, कारण मी ओढलेलं.

ह्यांनी फोटो बघितले, मग माझ्याकडं बघितलं. "अगं, कललेल्या शेडचे कुठं हायत?"

"हेच की! आवं, कॅमेऱ्याचा दोष तेवढा काढलाय."

बाईंनी एक फोटो उलटासुलटा फिरवून बघितला, उरलेला चहा संपवला, वही मिटली आणि म्हणाल्या,

"काकू, तुमच्या शेडला काहीच झालेलं नाही. पडायला आलाय तो लाइटीचा खांब. त्याचा पंचनामा मी करत नाही, वायरमनला बोलवा."