पोटातली बुरशी आणि सुलोचनाताईंचा संताप

सुलोचनाताई थूल यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझा कागद फाडला होता. वर्ध्याच्या एका रुग्णालयात त्या आहार विभागाच्या प्रमुख होत्या आणि मी नुकतीच रुजू झालेली आहारतज्ज्ञ. पवनारकडच्या एका मधुमेही आजींसाठी मी मोठ्या हौसेने तक्ता केला होता. त्यात ओट्स होते, ब्रोकोली होती, ऑलिव्ह तेल होते. ताईंनी तो शांतपणे वाचला आणि त्याचे चार तुकडे केले.

“काल यायच्या चुलीवर काय शिजलं, विचारलं का तुनं?”

मी विचारले नव्हते.

“मंग हा तक्ता कोणासाठी हाय? तुह्या परीक्षकासाठी?”

ताई आता पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला त्यांच्या वात्सल्याविषयी लिहायला सांगितले आहे. ताई वत्सल आहेत, यात शंका नाही. माझ्या आईच्या कर्करोगाच्या उपचारांत तिच्या तोंडात पांढरे चट्टे उठले, पाणीसुद्धा झोंबू लागले, तेव्हा तोंड आधी डॉक्टरांना दाखवायला लावले ते ताईंनी. पुढे आठ दिवस त्या पवनारहून बसने मऊ भात आणि मुगाचे पातळ वरण घेऊन येत होत्या. डबा ठेवायच्या, आईच्या कपाळावर हात ठेवायच्या आणि निघून जायच्या. पण मी जे शिकले ते त्यांच्या रागातून शिकले. म्हणून रागाविषयीच लिहिते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ताई निवृत्त झाल्या होत्या, तरी आठवड्यातून दोन दिवस बाह्यरुग्ण विभागात येऊन बसत. अशाच एका सकाळी पुलगावच्या वंदनाबाई आल्या. प्राथमिक शाळेत शिक्षिका, वय पंचेचाळीसच्या आसपास. वर्गात चक्कर येऊन पडल्या म्हणून त्यांचे यजमान त्यांना घेऊन आले होते. साडी खांद्यावरून घसरत होती, इतक्या त्या वाळल्या होत्या. केसांचे पुंजके हातात येत होते.

“पोटात बुरशी हाये म्हणून सांगतलं,” त्या म्हणाल्या. “ते मारून राह्यली चार महिने झाले.”

कोणी सांगितले? वर्ध्यात दर रविवारी एका सभागृहात शिबिर घेणाऱ्या एका गृहस्थांनी. नावापुढे ‘आहारगुरू’. त्यांची तपासणी अशी : सकाळी उठून पाण्याच्या पेल्यात थुंकायचे आणि थोडा वेळ थांबायचे. थुंकीचे धागे खाली लोंबले की पोटात बुरशी वाढली. वंदनाबाईंचे धागे लोंबले. मग भाकरी बंद, डाळ बंद, फळ बंद, ताक बंद. उकडलेला दोडका खायचा आणि दिवसातून तीनदा त्यांच्याच डब्यातली भुकटी प्यायची. अशक्तपणा वाढला तेव्हा त्यांनी विचारले, तर उत्तर मिळाले : बुरशी मरताना असा त्रास द्यायचीच, म्हणजे उपाय लागू पडतो आहे.

या एका उत्तराचा मला आजही संताप येतो. बरे वाटले तर भुकटीचा गुण, आणि वाईट वाटले तर तोही भुकटीचाच गुण. यातून माणूस सुटणार कसा?

ताईंनी काचेचा पेला मागवला. आधी स्वतः त्यात थुंकल्या. मग मला दुसरा पेला दिला, शेजारच्या डॉक्टरांना तिसरा. दहा मिनिटांनी तिन्ही पेल्यांत धागे लोंबत होते.

“पाहा बाई,” ताई म्हणाल्या, “आमी तिघंही बुरशीचे. आता काल सकाळपासून काय खाल्लं ते सांगा. घाई नाई.”

वंदनाबाई बोलू लागल्या. बोलता बोलता निघाले की घास गिळताना छातीत दुखते, तहान फार लागते, लघवीला सारखे जावे लागते. पूर्वी प्रत्येक सर्दीला त्या घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेत. ताईंनी डॉक्टरांना लगेच रक्तातली साखर तपासायला लावली. ती भलतीच वाढलेली होती. दुर्बिणीतून पाहिले तर अन्ननलिकेत पांढरे थर. म्हणजे बुरशी खरोखरच होती. न तपासलेल्या मधुमेहावर ती पोसली होती. चार महिन्यांत त्या गृहस्थांनी एकदाही साखर पाहिली नव्हती. ताईंनी चष्मा लावून भुकटीच्या डब्यामागचा बारीक मजकूर वाचला. घटकांच्या यादीत दुसऱ्याच क्रमांकावर साखर होती.

डॉक्टरांनी बुरशीवरचे औषध दिले, मधुमेहाचे उपचार सुरू केले. जेवण ताईंनी हातात घेतले. त्यांनी वंदनाबाईंना समजावले ते मला शब्दशः आठवते.

“बुरशी सगळ्यायच्याच पोटात रायते. वावरात तण रायते तशी. पोटातल्या चांगल्या जंतूयचं पीक दाट असलं त त्याले जागा भेटत नाई. तुमी गोळ्या खाऊन पीकच जाळलं, अन् अंगात साखर वाढली ते तणाले खत झालं. आता औषध तण मारन. जेवण पीक उभं करन. जेवणानं बुरशी मरते असं म्या म्हटलं त मीबी त्या माणसासारखीच खोटी.”

गिळणे सोपे होईपर्यंत मऊ खिचडी आणि वरण. मग हळूहळू ज्वारीची भाकरी, डाळ, घरच्या भाज्या, जेवणासोबत ताक, मोजून फळ. साखरेचा चहा, बिस्किटे, बाटलीतली सरबते बंद. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही अँटिबायोटिक नाही. त्यात विकत घेण्यासारखे नवे काहीच नव्हते.

आता मला जे सांगायचे नाही, तेच सांगते. त्या शिबिराला जाण्याआधी वंदनाबाई आमच्याच विभागात येऊन गेल्या होत्या. माझ्याकडे. पोट फुगते, तोंडाला चव नाही, असे त्या म्हणाल्या होत्या. रांग मोठी होती. मी म्हटले, “गॅस सगळ्यांनाच होतो,” आणि छापील कागद हातात दिला. हे मी ताईंना सांगितले तेव्हा मला वाटले होते, त्या आहारगुरूंवर चिडतील.

“त्यानं तिले एक तास देल्ला,” त्या म्हणाल्या. “तुनं किती देल्ला, माधुरी?”

“पाच मिनिटे,” मी म्हणाले.

“मंग ते तिकडं काऊन गेली, हे मले नको विचारू.”

पुढच्या रविवारी ताई त्या शिबिरात गेल्या. मी आणि वंदनाबाई बरोबर होतो. सगळ्यांसमोर ताईंनी त्या गृहस्थांना पेल्यात थुंकायची विनंती केली. ते हसून म्हणाले, “मॅडम, इथे श्रद्धेचा प्रश्न आहे.” तेव्हा वंदनाबाई उभ्या राहिल्या. त्यांना अजून नीट उभे राहवत नव्हते, त्यांनी खुर्ची धरली होती. “मी यायच्या भुकटीनं मरत होती,” एवढेच त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या. अर्धे सभागृह रिकामे झाले. अर्धे बसून राहिले, हेही खरे. ते गृहस्थ वर्ध्यातून गेले. आज मोबाइलवर त्यांची चित्रफीत दिसते, तोच पेला, तीच थुंकी.

वंदनाबाई दोन महिन्यांनी शाळेत रुजू झाल्या. घास आता विनासायास उतरतो. साखर आटोक्यात आहे.

या ग्रंथाच्या निमित्ताने ताईंना शाल पांघरवायला अनेक मान्यवर येतील. त्यांच्यापैकी काहींच्या दवाखान्यांत तसलेच भुकटीचे डबे मांडलेले आहेत. ताईंना ते ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. त्यांनी शाल आणली नाही तरी चालेल. सत्काराच्या दिवशी सकाळी ते डबे कपाटातून काढून टाकावेत. आणि आम्ही, जे ताईंच्या हाताखाली घडलो, त्यांनी समोरच्या माणसाचे ऐकेपर्यंत खुर्चीतून उठू नये.

सुलोचनाताईंना अजून पुष्कळ वर्षे लाभोत, त्यांचे गुडघे आणि नजर त्यांना साथ देत राहोत, जेवण गोड लागत राहो. त्या आपल्या विभागात येत राहोत, आणि एखाद्या दिवशी त्यांना तिथे रागवायला काहीच सापडू नये.