लेन्सवरची वाफ

शाळांच्या पोहण्याच्या शर्यतींचे फोटो काढणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे फोटोकाका म्हणत. तलावाच्या इमारतीत शिरलं की समोरच्या भिंतीवर दरवर्षीच्या अंतिम शर्यतीचा एकेक फोटो टांगलेला. अठरा वर्षं सगळे काकांचे. एकोणिसावा त्यांच्या बायकोचा.

झालं असं, की गेल्या वर्षी काकांचा गुडघा धरला. बॅग उचलायला म्हणून त्यांनी काकूंना बरोबर नेलं आणि वर मोठ्या मनानं जुना कॅमेरा त्यांच्या गळ्यात अडकवला. हे मोठं मन चांगलंच महागात पडलं. काका जिंकणाऱ्यांच्या मागे लागले, काकूंनी सगळ्यांत शेवटी येऊन काठाला लटकत हसणारी मुलगी टिपली. पोहण्याच्या सरांनी तोच फोटो भिंतीवर लावला.

काकांनी चारचौघांत बायकोचं तोंडभर कौतुक केलं आणि वर्षभर आतल्या आत जळत राहिले. यंदा सरांनी फोन केला तोसुद्धा काकूंना. "काकांनाही आणा," म्हणाले. काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. यंदाची भिंत काहीही करून परत मिळवायची, असं त्यांनी ठरवून टाकलं.

ते तासभर आधी येऊन बसले. बाहेर कडाक्याची थंडी, आत तलावाची गरम, दमट हवा. गार कॅमेरा तसाच बाहेर काढला तर लेन्सवर वाफ धरते, म्हणून आधी बंद बॅगेतच त्याला ऊब येऊ द्यायची, ही काकांची रीत. गेल्या वर्षी दोन्ही कॅमेरे त्यांच्याच बॅगेत होते, त्यामुळे काकूंना हे ठाऊकच नव्हतं.

काकू बहिणीकडून परस्पर आल्या, तेव्हा अंतिम शर्यतीला दहाच मिनिटं उरली होती. त्यांचा कॅमेरा थंडगार. काकांच्या बॅगेत ऊब धरलेला एक जादा कॅमेरा होता. "माझ्याकडचा घे," एवढंच म्हणायचं होतं.

"समोरच्या काठावर जा," काका म्हणाले. "तिथून छान दिसेल."

काकू गेल्या. कॅमेरा काढला, डोळ्याला लावला, खाली घेतला. रुमालानं लेन्स पुसली. वाफ पुन्हा धरली. काका आपल्या कॅमेऱ्यातून बघत होते आणि त्यांना भारी गंमत वाटत होती. शिट्टी झाली, मुली पाण्यात पडल्या. काकू पुसतच होत्या. आणखी एकदाच बघू, असं करता करता काकांकडून बटण आपोआप दाबलं जात राहिलं. मग एकदम गलका झाला. त्यांनी कॅमेरा वळवला तेव्हा मुली पाण्याबाहेर येत होत्या.

सर धावत आले. "काका, शेवट दाखवा."

छोट्या पडद्यावर काकू. पुढच्या फोटोत काकू. त्याच्या पुढच्यात काकू, कपाळावर घाम, हातात ओला रुमाल. एकूण एक फोटो लख्ख आले होते. सर निघून गेले.

तोवर काकूही येऊन मागे उभ्या होत्या. "म्हणजे तुम्हाला दिसत होतं," त्या म्हणाल्या.

काकूंनी आपला कॅमेरा ठेवायला त्यांची बॅग उघडली आणि त्यांचा हात त्या जादा कॅमेऱ्यावर पडला. कोरडा होता, उबदार होता. त्यांनी तो क्षणभर धरला, परत ठेवला आणि चेन लावली.

"आज बॅग तुम्हीच उचला," असं म्हणून त्या दाराकडे चालू लागल्या.