फ्रेममध्ये आलेला माणूस

वाफेच्या इंजिनाचे फोटो काढणाऱ्यांना माणसं चालत नाहीत. इंजिन चालतं, धूर चालतो, पळसाचं झाड चालतं, फार तर एखादी म्हैस चालते. माणूस दिसला की यांचं डोकं फिरतं. अशाच एकाशी मी जन्मभर संसार केला, म्हणून ठासून सांगते.

आमचे हे खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरीला होते. आठवडाभर कोळसा आणि वाफ, आणि सुटी मिळाली की पुन्हा कोळसा आणि वाफच बघायला जायचं. हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं की! पहाटे उठून डबे भरणारी बायको ते देत असते. निवृत्तीनंतर आम्ही मनीषनगरात राहायला आलो आणि इथे ह्यांना त्यांच्यासारखेच चार वेडे भेटले. मग तर काय, आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला.

थंडीच्या दिवसांत कधीमधी एखादं जुनं इंजिन रंग देऊन, पितळ घासूनपुसून हौशी प्रवाशांच्या फेरीसाठी काढतात. आमची मंडळी त्या गाडीत कधी बसली नाही. आत बसल्यावर इंजिन दिसणार कसं? आम्ही मोटारीनं पुढे जायचो, कुडकुडत एखाद्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहायचो, आणि गाडी गेली की धावतपळत पुढचं फाटक गाठायचो. बरं, त्या म्हाताऱ्या इंजिनाच्या भरवशावर कोणी एवढी गाडी सोडत नाही. शेवटच्या डब्यामागे डिझेल इंजिन लावलेलं असतं. ढकलायचं काम ते करतं आणि पुढचं नुसत्या शिट्ट्या मारतं. मंडळींना हे पक्कं ठाऊक असायचं, म्हणून वळणावर अशी जागा धरायची की मागचं डिझेल दिसूच नये.

"काहून लपवता? जे आहे ते येऊ द्या ना फोटोत," मी एकदा म्हटलं.

"अवं, मंग फोटो काढून फायदा काय?" हे म्हणाले, आणि वर मलाच हसले.

ह्या सगळ्याला ते 'क्लीन फ्रेम' म्हणत. विजेचा खांब नको, तार नको, प्लास्टिकची पिशवी नको आणि माणूस तर मुळीच नको. गाडीची शिट्टी ऐकून आसपासच्या वावरातले लोक धावत बघायला येत, आणि आमचे सुशिक्षित लोक त्यांच्यावर ओरडत, "ओ मावशी, बाजूले व्हा! ओ काका, मांगं सरका!" एका बाईनं तर कमरेवर हात ठेवून सुनावलं होतं, "वावर आमचं, अन् आमीच बाजूले होऊ काय?" ती हलली नाही. मला ती फार आवडली. पण तिच्या न हलण्यानं काही बिघडलं नाही, कारण घरी आल्यावर ह्यांनी तिला कॉम्प्युटरवर पुसून टाकलं. मी चहा घेऊन खोलीत गेले तोवर बाई गेली होती आणि तिच्या जागी तुरीची झाडं आली होती. ह्या कामात हे पटाईत होते. मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करणारा एक मुलगा ह्यांचा लाडका चेला होता, त्यालाही ह्यांनीच हे शिकवलं.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात फेरी जाहीर झाली तेव्हा ह्यांचे किमोचे दिवस चालू होते. हात थरथरायचे. जाऊ नका म्हणून मी खूप भांडले, आणि भांडून झाल्यावर थर्मास भरला. निघताना ह्यांनी कॅमेरा कपाटातच ठेवला. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदा घडत होतं.

वळणाजवळ आम्ही पोचलो तेव्हा धुकं विरळ होत आलं होतं. मंडळी नेहमीप्रमाणे रांगेत तिपाया लावून उभी. आम्ही दोघं मागे चहा घेत होतो. ह्यांच्या डोक्यावर माकडटोपी, अंगात तो तपकिरी स्वेटर, आता इतका ढगळ झालेला की बाह्या मी दुमडून दिल्या होत्या. शिट्टी ऐकू आली. हे पेला हातात धरूनच धुऱ्यावरून खाली उतरले आणि रुळांपासून जरा अंतर राखून थांबले. थेट सगळ्यांच्या कॅमेऱ्यांसमोर!

"सर! ओ सर! फ्रेममध्ये आले तुम्ही! बाजूले व्हा ना, सर!"

हे तसूभर हलले नाहीत. इंजिन वळणावर आलं तेव्हा एकदाच मागे वळले, माझ्याकडे बघितलं, पेला उंच केला आणि हसले. त्या क्षणी हा माणूस आजारी आहे असं कोणी म्हटलं नसतं. मग वाफेचा लोट आला आणि हे त्यात दिसेनासे झाले. परत आले तेव्हा गालावर कोळशाचे कण होते.

"पह्यल्यांदा पाह्यलं वं मी इंजिन," हे म्हणाले. "आजवर नुसते फोटोच काढत राह्यलो."

उन्हाळा लागायच्या आत हे गेले.

तेरवीला लावायला फोटो शोधायला बसलो तर घरात इंजिनांचे हजारो फोटो आणि ह्यांचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कॅमेरा कायम ह्यांच्याच हातात, मग ह्यांचा फोटो काढणार कोण? शेवटी ऑफिसच्या ओळखपत्रावरचाच मोठा करून लावला. त्यात हे हवालदारासारखे दिसतात. मला तो नको होता. मला धुऱ्याखालचा, पेला उंच केलेला माणूस हवा होता. बाकी मंडळींनी तर फ्रेममध्ये माणूस आला म्हणून बटणच दाबलं नव्हतं. पण चेल्याचा कॅमेरा सारखा खटखटत होता, ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. मी त्याला फोन केला.

"काकू, त्याच फोटोवर काम करून राह्यलो मी," तो म्हणाला. "तुमच्यासाठी सरप्राइज आहे."

मला कुठून शंका येणार? मी हॉलमधल्या भिंतीवरचं कॅलेंडर काढून जागा करून ठेवली.

तो रविवारी आला, काखेत भली मोठी फ्रेम घेऊन. कागद मीच फाडला. इंजिन होतं, वाफ होती, तुरीवर कोवळं ऊन पडलं होतं. हे नव्हते.

"हे कुठं आहेत?"

"साफ केलं ना काकू!" त्याचा चेहरा नुसता फुलला होता. "लई कठीण होतं. सर वाफेच्या अगदी जवळ होते, मंग मागची वाफ पुन्हा बनवावी लागली. सर म्हणायचे ना, माणूस आला की फोटो गेला. म्हटलं, सरांच्या आठवणीत फोटो सरांच्या पसंतीचा पाह्यजे."

मी पहिला, मूळचा फोटो मागितला. तो त्यानं कधीच पुसून टाकला होता. काम झालं की बाकीचं उडवून टाकायची त्याची सवय. तीसुद्धा ह्यांनीच लावलेली. उगीच कचरा साठवायचा नाही, म्हणे.

त्याच्या एक थोबाडीत द्यावी असं वाटलं. आणि खरं सांगते, त्याच्या आधी ह्यांच्या. पण हे सुटले होते, आणि तो पोरगा तर रडकुंडीला आला होता. शेवटी मीच त्याला चहा करून दिला. बायकांना चहा करता येतो, म्हणून कितीतरी लोकांचे गाल वाचतात.

गोष्ट इथं संपली असती तरी मी निभावून नेलं असतं. पण पोरानं मनाला लावून घेतलं. त्यानं पुण्याला माझ्या मुलाला फोन केला. मुलानं आपल्या लग्नातले ह्यांचे फोटो पाठवले आणि दोघांनी मिळून, ते काय एआय म्हणतात त्याच्या करामतीनं, ह्यांना पुन्हा इंजिनासमोर उभं केलं. गाल भरलेले, डोक्यावर दाट केस, अंगात तपकिरी स्वेटर नव्याचा नवा, हातात वाफाळणारा कप. हसताना दात एकूण एक शाबूत. ह्यांचा पुढचा दात आजारपणात पडला होता, आणि तो बसवून घ्यायला वेळच मिळाला नव्हता.

"हे ते नव्हेत रे," मी मुलाला म्हटलं.

"आई, किती रिअल आहे बघ ना! आणि आजारी दिसण्यापेक्षा हे बरं नाही का?"

त्यानं तो फोटो स्टेटसला ठेवला. साऱ्या नात्यागोत्यानं हात जोडले. पुढच्या खेपेला आला तेव्हा भिंतीवरचं ते रिकामं इंजिन उतरवून त्यानं हा फोटो लावला आणि सुनेनं त्याला चंदनाचा हार घातला. येणारे-जाणारे म्हणतात, "किती छान आले हो!" मी "हो" म्हणते. कोणाकोणाला सांगत बसू?

माझ्याकडे राहिली होती ती सकाळ, ती मला नेहमी लख्ख दिसायची. दुपारी कामं आटोपली की मी मुद्दाम आठवत बसायचे. पण समोर तो फोटो चोवीस तास टांगलेला. परवा तशीच बसले, तर आठवणीत वळून हसला तो फोटोतला भरल्या गालांचा माणूस. मी घाबरले. माकडटोपी आठवली, दुमडलेल्या बाह्या आठवल्या. पण पडलेला दात डावीकडचा की उजवीकडचा, ते काही केल्या आठवेना.

शेवटी मुलाला फोन लावला. म्हटलं, "बाबांचा पुढचा दात कोणत्या बाजूचा पडला होता रे?"

"बाबांचा दात पडला होता?" तो म्हणाला.