मल्हारचं जावळ

करमाडच्या बानाबाईचं तिच्या सुनेशी पटत नाही, ही गोष्ट करमाडपासून डब्लिनपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. दोघींनी ती कधी लपवलीही नाही. सून प्रांजली शहरात, सिडकोत वाढलेली, मास्तरांची मुलगी. सासू धनगराची, अर्धा जन्म मेंढरांमागं गेलेला. मधे भारत. त्याला आईपुढं बोलता येत नव्हतं आणि बायकोपुढं बोलायचं नव्हतं, म्हणून तो डब्लिनमध्ये कॉम्प्युटरपुढं बसून राहायचा आणि बाकीचं दोघींवर सोपवायचा.

वर्षभर सुनेचा फोन "बऱ्या आहात ना?" एवढ्यावर संपायचा. मे महिना आला की मात्र त्याच फोनला साखर लागायची. तिकडच्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी जुलै-ऑगस्टात. नवरा-बायको दोघं नोकरीवर, आणि घरात आठ वर्षांची रेवा आणि धाकटा मल्हार. मग "आई, मुलं फार आठवण काढतात हो तुमची" असं सुरू व्हायचं. बानाबाई फोन ठेवून नवऱ्याला म्हणायची, "आली बघा आठवण. पोरं सांभाळायला बाई लागली की सासू आठवती हिला."

"मग नको जाऊ," सूर्यभान म्हणायचा. जुन्या मेंढवाड्याच्या जागी शेंद्र्याच्या कंपन्यांची गोदामं उभी राहिल्यापासून त्याच्याकडं चार शेळ्या आणि एक बोकड उरला होता, आणि तो तेवढ्यात खूश होता.

"नको कसं? जावळ ऱ्हायलंय ना!"

खरी गोम तिथंच होती. मल्हार दिवस भरायच्या आधीच जन्मला. तिकडच्या दवाखान्यात तो काचेच्या पेटीत पडून होता आणि इकडं बानाबाई करमाडला ओसरीत बसून होती. पोराला हातही लावता येईना. तेव्हा तिनं शहराच्या अंगाला असलेल्या सातारा गावच्या खंडोबाकडं तोंड करून पदर पसरला. पोर जगू दे, त्याचं जावळ तुझ्या दारात उतरवीन आणि बोकड देईन. पोर जगलं. नावही मल्हार ठेवलं. प्रांजलीला ते नाव कानाला गोड वाटलं म्हणून, बानाबाईला देवाचं म्हणून. दोघींचं एकमत झालेली ती एकुलती एक गोष्ट.

त्यानंतर मात्र जावळाचा विषय निघाला की पुढच्या वर्षी. एकदा पासपोर्ट, एकदा घर बदललं, एकदा नोकरी बदलली. पोराचे जन्माचे केस खांद्याखाली आले. इकडं नवसाचा बोकड वाट बघून बघून म्हातारा झाला, दाढी वाढवून बसला आणि येईल-जाईल त्याला धडका देऊ लागला. शेजारणी विचारायच्या, "बाई, नातवाचं लगीन आधी का जावळ?" बानाबाईला ते लागायचं. देवाचं देणं अंगावर ठेवून पोर परदेशात फिरतंय, ही भीती तिला कामात असतानाही सोडत नसे.

गेल्या मे महिन्यात तिनं फोनवर सरळ सौदा केला. "दोन महिने येते. पण सुट्टी सरली की समदे संगं इकडं यायचं. जावळ उतरवायचं. कबूल?"

"कबूल, आई," प्रांजली म्हणाली.

डब्लिनला उन्हाळा म्हणे, आणि बानाबाईच्या अंगात स्वेटर, वरून भारतचं जुनं जाकीट. पोहोचली त्याच दिवशी तिनं मल्हारला मांडीत घेतलं, त्याच्या केसांची घट्ट वेणी घातली आणि घरून आणलेला काळ्या लोकरीचा दोरा शेवटाला गाठ मारून बांधला. लोकर तिनं स्वतः कातलेली. गाठ तिची खास, सुटता सुटायची नाही. "देवाचा माल हाय," ती रेवाला म्हणाली. "हात लावायचा नाय कुणी."

घर लहान, काचेचं आणि नियमांचं. तेल लावायचं नाही, उशांना वास येतो. दूध-भाकरीचा काला द्यायचा नाही, मुलांना सवय लागते. आणि हॉलमध्ये छताच्या कोपऱ्यात एक कॅमेरा. प्रांजली कचेरीतून त्यात बघायची आणि वाटेल तेव्हा त्यातून बोलायची. बानाबाई पोराला घास भरवत असली की वरून आवाज, "आई, त्याला हातानं खाऊ द्या." जरा पाय पसरले की, "आई, रेवाचा अभ्यास झाला का?" पहिल्यांदा बानाबाई दचकली. नंतर ती वर बघून बोलू लागली. "सटवे, खाली ये आन् तूच भरीव," असं एकदा म्हणालीही.

तरी ती सगळं करत होती. पोळ्या, भांडी, पोरांची शी-शू, पावसात बागेत नेणं. पोरं तिला चिकटली होती आणि प्रांजलीला तेही खुपत होतं. मल्हार झोपताना आजीच मागायचा. प्रांजली दारात उभी राहून बघायची आणि निघून जायची. तिची स्वतःची आई आधीच्या हिवाळ्यात सिडकोतल्या घरी वारली होती, आणि सुट्टी मिळाली नाही म्हणून तिनं अंत्यविधी मोबाइलवर पाहिला होता. बानाबाईला हे माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि माया वाटणं वेगळं. ती तिला वाटली नाही.

ऑगस्ट लागला तसा बानाबाईनं जेवताना विषय काढला. "तिकिटं काढली का समद्यांची?"

भारत ताटात बघू लागला. प्रांजलीच बोलली, "यंदा नाही जमणार, आई. मला रजा नाही. आणि मल्हारची शाळा सुरू होते महिनाअखेरीला."

"तू कबूल केलं व्हतं."

"केलं होतं. नाही जमत. आणि त्याला असा वेणीत शाळेत कसा पाठवू? बागेतली मुलं त्याला मुलगी म्हणतात. परवा रडत आला."

"रडू दे. आधी देवाच्या दारात, मग कातर. त्याच्या आधी कातर लागली तर माझ्याशी गाठ हाय."

"मुलगा माझा आहे," प्रांजली म्हणाली.

"मी पदर पसरला म्हणून हाय तुझा!"

भारतनं पाण्याचा पेला उचलला आणि रिकामाच तोंडाला लावला. एवढाच त्याचा त्या भांडणातला वाटा.

शनिवारी प्रांजली मल्हारला शाळेचे बूट घ्यायला म्हणून घेऊन गेली. परत आली तेव्हा बूट होतेच, आणि पोराच्या पाठीवर वेणी नव्हती. केस मागून बारीक, पुढं थोडे, तिकडच्या पोरांसारखे. मल्हार हसत आला. "आज्जी, बघ!"

बानाबाई हॉलच्या मधोमध उभी राहिली. तिच्या तोंडाला फेस यायचा बाकी होता. प्रांजली पर्स उघडत काहीतरी बोलायला लागली होती, "आई, ऐका, मी..." पण बानाबाईनं ऐकलं नाही.

"तुझी आय मेली ते बरं झालं," ती म्हणाली. "असली अवलाद बघायला तरी ऱ्हायली नाय."

मल्हार रडायला लागला. प्रांजलीचा पर्समध्ये गेलेला हात तसाच बाहेर आला, रिकामा. तिनं पर्सची चेन लावली आणि आत जाऊन दार बंद केलं.

त्यानंतर त्या घरात दोन बायका राहत होत्या, पण सासू-सून राहिल्या नाहीत. निरोप भारतमार्फत, नाहीतर छतातून. छतातला आवाजसुद्धा आता "आई" म्हणत नव्हता.

बानाबाईच्या डोक्यात मात्र एकच चक्र. कापले ते कापले. पण केस आहेत कुठं? केस देवाला पोचले तर नवस फिटेल. सोमवारी नवरा-बायको कामावर गेल्यावर तिनं दोन्ही पोरांना कोट चढवले आणि रेवाला म्हणाली, "चल, त्या न्हाव्याचं दुकान दाव मला."

दुकानातली बाई ठेंगणी, दंडावर गोंदलेली. नऊवारीवर जाकीट घातलेली म्हातारी काय मागते आहे हे रेवानं दोनदा सांगितलं तरी तिला पटेना. शेवटी ती मागं गेली आणि शनिवारपासून साठलेल्या केसांची पिशवी घेऊन आली. तिचा चेहरा आंबट झाला होता. बानाबाईनं पिशवी काखेत मारली. रेवा सगळ्या वाटेनं दहा पावलं पुढं चालली, जणू ही बाई आपली कुणी नाही.

हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरून बानाबाईनं पिशवी ओतली. पिवळे केस, तांबडे, पांढरे, भुरे, कुरळे, ओले, चिकट. दुसऱ्या कुणी त्याला हात लावला नसता. बानाबाईनं मांडी घातली. लोकर कातायच्या आधी निवडावी लागते; काळीतलं पांढरं, मऊतलं राठ, काटा, कुसळ सगळं वेगळं काढावं लागतं. तिनं ते लहानपणापासून केलं होतं, आणि सगळ्या वाड्यात तिच्या बोटांसारखी बोटं नव्हती. तिनं डोळे जवळजवळ मिटूनच काम केलं. काळे वेगळे काढले. काळ्यांतले राठ फेकले. मऊ, बारीक, पोराच्या टाळूचे वाटतील असे तेवढे ठेवले. मूठभर निघाले. लोकरीचा दोरा मात्र सापडला नाही. तिनं पुन्हा एकदा सगळं चाळलं. मग म्हणाली, दोराच तो, पडला असेल कुठं झाडताना. बोटं सांगत होती ना, हेच केस. बोटांवर तिचा विश्वास होता.

छतात कॅमेऱ्याचा छोटा दिवा लागलेला होता. वरून कुणी बोललं नाही. बानाबाईला वाटलं, बरी गप्प आहे आज.

ती महिनाअखेरीला परतली. विमानतळावर प्रांजली आली नाही. मल्हार मात्र आजीला गाडीतून उतरू देईना, तिचा पदर धरून बसला, आणि भारतनं त्याची बोटं एकेक करून सोडवली.

पुढच्या रविवारी ती आणि सूर्यभान साताऱ्याला गेले. नातू नव्हता, नातवाचे केस होते. पुजाऱ्यानं भंडारा उधळला, तिनं केस लाल फडक्यात देवापुढं ठेवले आणि कपाळ टेकलं तेव्हा तिला रडू फुटलं. कितीतरी वर्षांनी छाती मोकळी झाली. म्हाताऱ्या बोकडाचं मांस शिजता शिजेना, पण भाऊबंद जेवले. शेजारणींची तोंडं बंद झाली. "आता त्या घराशी माझं काय बी ऱ्हायलं नाय," ती सगळ्यांना सांगत सुटली. "देवाचं दिलं, सुटले."

या मे महिन्यात फोन आला. पण साखर नव्हती.

"जुलैत येता का?" प्रांजलीनं विचारलं. "मल्हारला हिवाळाभर खोकला होता. अजून जात नाही. पाळणाघरात ठेवता येत नाही त्याला."

"खोकल्याला काय झालंय? देवाला दिलंय त्याचं. त्याला काय बी होत नाय," बानाबाई म्हणाली. हे वाक्य तिनं कितीतरी महिने जपून ठेवलं होतं. "आन् मी येणार नाय. बाई ठीव पगारी. माझा नवस फिटला."

पलीकडून प्रांजली म्हणाली, "एक फोटो पाठवते. बघा." आणि फोन ठेवला.

फोटो आला. एका कप्प्यात मऊ कागदावर ठेवलेली वेणी. मुळापासून कापलेली, अख्खी. शेवटाला काळ्या लोकरीचा दोरा, आणि दोऱ्याला गाठ. सुटता न सुटणारी.

बानाबाईनं मोबाइल लांब धरला, जवळ धरला. गाठ तिचीच होती.

तिनंच परत फोन लावला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला.

"वेणी तशीच कापून द्या म्हणून मी सांगितलं होतं दुकानात," प्रांजली म्हणाली. "तुम्हालाच द्यायला आणली होती. पर्समधून काढत होते, तेवढ्यात तुम्ही माझ्या मेलेल्या आईचं काढलंत."

"आन् मी ते केस निवडत व्हते तवा..."

"बघत होते. ऑफिसमधून. सगळं बघितलं."

"तोंड नाय उघडलं तुझं?"

"तुमच्यापुढं उघडून काय उपयोग होता?"

मागून मल्हारचा खोकला ऐकू येत होता, कोरडा, थांबत नसलेला.

"पोस्टानं धाड," बानाबाई म्हणाली.

"नाही. जुलैत या, आणि जाताना घेऊन जा."

सूर्यभान शेळ्यांना पाला टाकून आत आला. बायको मोबाइल कानाला लावून भिंतीकडं बघत बसली होती.

"काय झालं गं?"

तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. "काढ तिकीट," ती फोनमध्ये म्हणाली, आणि ठेवला.

मग म्हणाली, "आवो, माळ्यावरची बॅग उतरवा. आन् बाजारातून एक करडू बघा. देवाला मी कुणाचे तरी केस वाहिले."